एका ग्लासावर एवढा गदारोळ? मग स्टँडमागच्या दुकानावर गप्प का?

मित्रहो, पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तरच वाचा. पण कमेंट करायची असेल तर आधी पूर्ण वाचा, एवढी हात जोडून विनंती.

रविवारी पुण्यात होतो, भाचीकडे. संध्याकाळी ती आणि जावईबापू आम्हा दोघांना त्यांच्या घरामागच्या गल्लीत एका छोट्या ठिकाणी घेऊन गेले. तिथली बिअर तिथेच बनते. टेबलावर गव्हाच्या बिअरचा एक ग्लास, समोर थालीपीठ आणि लोण्याचा गोळा, शेजारी आमची ही. तसा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "पुण्यात निवांत संध्याकाळ." बस्स.

मंगळवार सकाळपर्यंत त्या फोटोवर २१३ कमेंट. गेल्या महिन्यात चार दिवस वाड्यावस्त्यांवर फिरून पाणीयोजनेवर लिहिलं होतं, त्यावर १९ आल्या होत्या.

"माळकऱ्याचा पोरगा ना तू?" "पत्रकारच असे, मग समाजाचं काय?" "वहिनींना पण नेलं? धन्य!" "शाकाहारी म्हणे, आणि पितो दारू!" एका माजी नगरसेवकांनी नुसतं "संस्कार" एवढंच लिहून पुढे हात जोडल्याचं चिन्ह टाकलंय. साहेब, तुमच्या प्रचाराच्या शेवटच्या दोन रात्री कोणत्या शेडमध्ये काय उतरवलं जायचं, ते मी बाहेर मोटारसायकल लावून बघितलंय. बातमी केली होती, छापली गेली नाही. असो.

मला शिव्यांचं काही वाटत नाही. बावीस वर्षं या धंद्यात आहे, कातडी जाड झालीय. पण एक फोन आला आणि तो मात्र लागला. त्याबद्दल शेवटी सांगतो. आधी फोटोबद्दल बोलू.

मी काय बघितलं, ते सांगतो. बारा-चौदा टेबलं. काचेच्या पलीकडे स्टीलच्या उंच टाक्या. झगझगीत नाही, पण समोरच्याचा चेहरा नीट दिसेल एवढा उजेड. आमच्या बाजूच्या टेबलावर एक आजी, मुलगा-सून आणि नात. नात लिंबू सरबत पीत चित्र रंगवत बसली होती. कोपऱ्यात दोन मुली लॅपटॉप उघडून काम करत होत्या. कुणी कुणाकडे टक लावून बघत नव्हतं. वेटर पोरगा लातूरकडचा. त्याने आधी छोट्या चार ग्लासांत चार प्रकार चाखायला आणून दिले आणि प्रत्येकात काय आहे ते सांगितलं. जवाला मोड आणून वाळवायचं, भरडायचं, गरम पाण्यात भिजवून त्याचा गोड काढा करायचा, कडवटपणासाठी हॉप्स नावाची फुलं घालून उकळायचं, थंड करून यीस्ट सोडायचं, मग दिवसच्या दिवस वाट बघायची. गव्हाच्या बिअरमध्ये संत्र्याची साल आणि धणे. धणे म्हटल्यावर आमच्या हिने वास घेतला, एक घोट चाखला आणि म्हणाली, "ताक जरा जास्त आंबल्यासारखं लागतंय." वेटर हसला. पुढे तिने कोकम सरबत घेतलं.

जेवण सगळं शाकाहारी मागवलं, कारण आमच्या घरात तेच चालतं. थालीपीठ, कुरकुरीत भेंडी, भाजलेल्या वांग्याचं भरीत घातलेला पिझ्झा. ही घरी येताना म्हणाली, "लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तुम्ही बाहेर कधी पिता ते मला फक्त वासावरून कळायचं. आज पहिल्यांदा बघितलं, एक ग्लास पिऊन माणूस थांबू पण शकतो."

हे वाक्य ऐकून मला लाज वाटली. आणि त्या लाजेतूनच ही पोस्ट लिहितोय.

आता आपल्या गावात या. आपल्याकडे बसायची सोय काय? परमिट रूम. म्हणजे काळ्या काचा, जाड पडदा, आत लाल नाहीतर निळा दिवा. शाकाहारी माणसाला चकण्याचे शेंगदाणे, मसाला पापड आणि तेलात तरंगणारं पनीर चिली. 'फॅमिली रूम' अशी पाटी असते, पण त्या खोलीत फॅमिली मी आजवर बघितलेली नाही. तिथे ठेकेदार बसतात. ज्यांना तेही परवडत नाही ते कॅनॉलच्या भरावावर, शाळेच्या मागच्या मैदानात, नाहीतर बंद पडलेल्या बाजार समितीच्या गाळ्यात. चपटी, प्लास्टिकचा ग्लास, पाण्याचा पाऊच. दहा मिनिटांत संपवायची, कारण कुणी बघेल. आणि घाईघाईने पिणारा माणूस काय पितो? कडकच पितो. हळू पिण्याची चैन चोरून पिणाऱ्याला नसते.

आणि स्टँडमागचं देशीचं दुकान? सकाळी आठला शटर वर. मजूर अड्ड्यावर जायच्या आधी दोनशे मिटरवर. शाळेच्या पोरी रोज त्या रांगेजवळून जातात. त्या दुकानावर मी तीन वेळा लिहिलं. माझ्या फोटोवर संस्कार आठवणाऱ्या २१३ जणांपैकी किती जणांनी त्या बातम्यांवर तोंड उघडलं? मी परत जाऊन मोजलं. चार.

आता जरा हिशेब करू. पाच टक्क्यांच्या बिअरचा ३३० मिलीचा ग्लास घेतला तर त्यात शुद्ध मद्यार्क साधारण साडेसोळा मिली. १८० मिलीच्या व्हिस्कीच्या क्वार्टरमध्ये, ४२.८ टक्क्यांच्या हिशेबाने, ७७ मिली. म्हणजे एक क्वार्टर बरोबर साडेचार-पावणेपाच ग्लास बिअर. मी तिथे ग्लासाला साडेतीनशे रुपये मोजले. सरकारने जून २०२५ मध्ये शुल्कवाढ केली तेव्हा १८० मिलीच्या किमान किमती जाहीर केल्या होत्या. देशी ८० रुपये, महाराष्ट्रात धान्यापासून बनणारी नवी 'महाराष्ट्र मेड' दारू १४८, आणि आपण ज्याला विदेशी म्हणतो ती २०५. याचा अर्थ सरळ आहे. ज्याला झिंगायचंच आहे त्याच्यासाठी सगळ्यात कडक गोष्ट सगळ्यात स्वस्त. त्या वाढीत बिअर-वाईनला हात लावला नाही, ते ठीकच केलं. पण ८० रुपयांच्या चपटीपुढे हलक्या बिअरचा कोण विचार करणार? बिअरमध्येसुद्धा आपल्याकडे खप कशाचा, तर आठ टक्क्यांपर्यंतच्या स्ट्राँगचा.

त्या वाढीतून १४ हजार कोटी जादा मिळवायचं उद्दिष्ट होतं. महसूल वाढावा म्हणून उत्पादन शुल्क खात्याला बाराशेहून अधिक पदंही मंजूर झाली. चांगलं आहे. आता मला एवढंच सांगा, आपल्या तालुक्यात व्यसनातून सुटू पाहणाऱ्या माणसाला बसून बोलायला एक तरी सरकारी समुपदेशक आहे का? ग्रामीण रुग्णालयात मी स्वतः विचारलं. "पुण्याला मुक्तांगणला न्या," असं सांगितलं. मुक्तांगण १९८६ साली अनिल आणि सुनंदा अवचटांनी उभं केलं, त्यांना सलाम. पण १४ हजार कोटींचं गणित मांडणाऱ्या राज्याने तालुक्याच्या माणसाला एका संस्थेच्या दारात पाठवून हात झटकायचे, हे कसलं?

आणि गंमत बघा. ज्या कायद्याखाली हे सगळं चालतं त्याचं नाव काय? दारूबंदी कायदा. १९४९ चा. आजही लागू आहे. त्या कायद्याप्रमाणे प्यायला परवाना लागतो. देशीचा एका दिवसाचा दोन रुपये, विदेशीचा पाच रुपये. आणि तो परवाना कशासाठी? तर आरोग्याच्या रक्षणासाठी! स्टँडमागच्या रांगेतल्या एकाकडे तरी दोन रुपयांचा कागद आहे का विचारा. बिअरला २१ वर्षं आणि कडक दारूला २५ वर्षं पूर्ण पाहिजेत, हाही नियम आहे. पुण्यात त्या पोराने शेजारच्या टेबलावरच्या मुलींकडे आधी ओळखपत्र मागितलं. आपल्याकडे बापाने पाठवलेलं बारा वर्षांचं पोरगं पिशवीत बाटली घेऊन जाताना मी डोळ्यांनी बघितलंय.

म्हणजे राज्यघटनेच्या कलम ४७ मध्ये दारूबंदीचा आदर्श, कायद्याच्या नावात बंदी, तिजोरीत महसूल, आणि समाजात पडदा. चारही गोष्टी एकत्र नांदतात आणि कुणालाच त्यात काही खटकत नाही. खटकतो तो एका पत्रकाराच्या टेबलावरचा ग्लास.

"मग सरळ दारूबंदीच करा की," असं बऱ्याच जणांनी लिहिलंय. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. गडचिरोलीत १९९३ ला बंदी आली ती मंत्रालयातून टपकली नाही, लोकांनी लढून आणली. ज्या गावात बायका जाग्या आहेत तिथे ती टिकते, हे मान्य. पण चंद्रपूरला २०१५ मध्ये बंदी झाली आणि २०२१ मध्ये उठली. २०२२ मध्ये गुजरातेत बोटादकडे विषारी दारूने चाळीसहून अधिक माणसं गेली, तिथे तर राज्याच्या स्थापनेपासून बंदी. आणि २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर गेली, तिथे बंदी नव्हती. दोन्हीकडे मेले कोण? हातावर पोट असणारे. बंदी असो वा नसो, अंधारात मिळणारी स्वस्त बाटली गरिबाच्याच नशिबी आली. म्हणून नुसतं 'बंदी करा' म्हणून मोकळं होता येत नाही. बंदी राबवणार कोण, हप्ता घेणार कोण आणि मरणार कोण, हे पण सांगावं लागतं.

बायकांच्या लढ्याबद्दल एक गोष्ट मला मनापासून मांडायचीय. गावातलं दुकान बंद करायला उभी बाटली-आडवी बाटली असं मतदान होतं, तुम्हाला माहीत आहे. पण नियम काय? मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्या नव्हे, यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. म्हणजे ऊसतोडीला गेलेली बाई, बाळंतपणाला माहेरी गेलेली, नवऱ्याने कोंडून ठेवलेली, आणि मेली तरी यादीत राहिलेली, या सगळ्यांचं मत आपोआप उभ्या बाटलीला! आमदारकीला हा नियम लावा. यादीतल्या निम्म्या मतदारांचं मत मिळवून निवडून आलेले किती आमदार सापडतील, बघूच. माझ्या फोटोवर तुटून पडलेल्या एकाही दारूबंदीवाल्याला हा नियम बदलायची मागणी कधी सुचली नाही.

आता 'शाकाहारी म्हणे'वाल्यांसाठी. दादा, मी मांस खात नाही ते घरच्या सवयीमुळे आणि वडिलांच्या माळेच्या मानामुळे. त्यामुळे मी तुमच्यापेक्षा पवित्र ठरत नाही, आणि बिअर प्यायल्याने मटण खाणाराही होत नाही. वडील हयात असेपर्यंत माळेच्या घरात मी बाटली आणली नाही, आजही आणत नाही. ती मर्यादा माझी आहे. पण आपल्याकडे एक नवाच हिशेब सुरू झालाय. ताटात काय आहे त्यावरून माणसाचं चारित्र्य ठरवायचं. हिरव्या ठिपक्याचा हॉटेलमालक सावकारी करतो, ते चालतं. आणि ठिपक्याचंच म्हणाल तर पाकिटावरचा हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण दारूला लागूच नाही, अन्नसुरक्षेच्या नियमांनी तिला त्यातून वगळलंय. विलायतेत बिअर नितळ करायला माशाच्या पोटातल्या फुग्यापासून केलेला पदार्थ वापरायची जुनी रीत आहे. गिनेसनेही अलीकडच्या काळापर्यंत वापरला, मग सोडला. मी त्या पुण्याच्या पोराला हे मुद्दाम विचारलं. आत जाऊन विचारून आला आणि म्हणाला, आम्ही टाकीत थंड करून गाळ खाली बसू देतो. जेवढी चौकशी मी एका ग्लासाची केली, तेवढी तुम्ही चपटीची केलीय का कधी?

आता माझ्या बाजूची खोट पण मीच सांगतो, नाहीतर तुम्ही सांगालच. आमचं चौघांचं बिल तीन हजारांच्या वर गेलं. भाचीने दिलं. मला ते परवडणारं नाही, आणि आपल्या गावातल्या शंभरातल्या पंच्याण्णव जणांना नाही. तेव्हा 'पुण्यासारखं आपल्याकडे काढा' असं मी म्हणत नाही. आणि बिअर म्हणजे औषध, असंही नाही. दारूची सुरक्षित अशी कुठलीच मात्रा नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय. बिअर पण त्यात आलीच.

माझं दुखणं वेगळं आहे. पुण्यात २००९ च्या आसपास ही ताज्या बिअरची ठिकाणं सुरू झाली. तिथे शिकलेल्या, पगारदार माणसाला उजेड मिळाला, बसायला खुर्ची मिळाली, सोबत जेवण, ओळखपत्राची तपासणी, घरी सोडायला टॅक्सी आणि बायको-पोरांसोबत थांबायची सवय मिळाली. आणि आपल्या मजुराला, ड्रायव्हरला, द्राक्षाच्या बागेतल्या पोराला त्याच सरकारने दिला भराव आणि चपटी. कर दोघांनीही भरला. खर्चाच्या मानाने गरिबाने जास्तच भरला. उजेड मात्र एकालाच. याचा राग यायला पाहिजे, तो आपल्याला येत नाही.

आपल्याच भागातली ज्वारी बघा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं. आफ्रिकेत ज्वारीची हलकी बिअर पिढ्यानपिढ्या घरोघरी होते. नायजेरियाने १९८८ मध्ये जवाच्या माल्टची आयात बंद केली तेव्हा तिथल्या मोठमोठ्या कंपन्यांनी ज्वारीवर बिअर काढली. आणि आपण? २००७ मध्ये धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदानाची योजना आणली. कारखाना मोठा, माल कडक, फायदा मालकाचा. गोव्याने आपल्या काजूच्या फेणीला मान दिला. आपण मोहाच्या फुलाला मात्र इंग्रजांच्या १८९२ च्या कायद्यापासून २०२१ पर्यंत गुन्हेगारासारखं वागवलं. आपलं जे होतं ते चोरटं ठरलं आणि कारखान्यातलं तेवढं सरकारमान्य.

आता तो फोन.

माझा एक वर्गमित्र होता. दहावीला माझ्यापेक्षा हुशार. ट्रान्सपोर्टचा धंदा, चांगला चालायचा. पडद्यामागे सुरू झालं, मग भरावावर, मग सकाळी आठच्या रांगेत. एकोणचाळिसाव्या वर्षी लिव्हर गेलं. जाण्याआधी दोन वर्षं मी त्याला कुठे न्यावं यासाठी धडपडलो, पण खरं सांगू? त्याच्या सुरुवातीच्या काळात पडद्यामागे त्याच्यासमोर मीच बसायचो. मी थांबलो, तो थांबला नाही. दहा वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं.

त्याची बायको आता पोळी-भाजी केंद्र चालवते. सोमवारी रात्री तिचा फोन आला. म्हणाली, "भावजी, तुमच्या फोटोवर लोक काय बोलतात ते मला नाय बोलायचं. तुम्ही वहिनींना शेजारी बसवून प्यायलात, लपून नाय. ते बरं. पण माझा पोरगा एकोणीस वर्षांचा आहे. तो तुम्हाला मानतो. त्याने फोटो बघितला आणि म्हणाला, बघ, काका पण पितात. आता त्याला मी काय सांगू?"

मला उत्तर सुचलं नाही. "उद्या घरी येतो," एवढंच म्हणालो.

काल गेलो. पोराला समोर बसवलं. त्याच्या बापाचं आणि माझं सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून. आपल्या घराण्यात बापाचं लिव्हर गेलंय, म्हणून तुझ्यासाठी एक ग्लास पण महाग आहे, हे सांगितलं. फोटो काढून टाकतो म्हणालो. तोच म्हणाला, "नको काका, राहू द्या. पण हे जे आत्ता सांगितलं ते पण लिहा." वहिनी काही बोलल्या नाहीत. चहा ठेवला.

म्हणून लिहिलं. फोटो काढणार नाही. पण फोटोखाली फक्त "निवांत संध्याकाळ" लिहिलं होतं, ते अर्धवट होतं, हे कबूल करतो.

आता माझ्या मागण्या, नगरपरिषदेपासून मंत्रालयापर्यंत ज्याच्या हातात जे असेल त्याने करावं. एक, स्टँडमागचं दुकान सकाळी आठला उघडणं बंद करा आणि वयाची तपासणी खरोखर करा. दोन, कर बाटलीतल्या मद्यार्काच्या प्रमाणात लावा. जेवढं कडक तेवढं महाग, देशी असो की विदेशी. तीन, आडव्या बाटलीच्या मतदानात झालेल्या मतांचं बहुमत धरा. चार, आपल्या ग्रामीण रुग्णालयात एक समुपदेशक द्या. एकच मागतोय, १४ हजार कोटींत बसेल.

येत्या सोमवारी या चार मागण्यांचं निवेदन तहसील कार्यालयात देणार आहे. सकाळी अकरा वाजता. वहिनी येतो म्हणाल्यात, त्यांच्या बचत गटाच्या बायकाही येतील. त्या २१३ जणांनी यावं. माजी नगरसेवकांनी तर नक्की यावं, संस्कारांचाच विषय आहे.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली भांडा. उत्तर देईन.